थोपवणारा डेक

मारामारी आपल्याच्याने व्हायची नाही, हे धाकटीला नववा डाव हरल्यावर कळलं. कळलं म्हणजे काय, दादानेच तोंडावर सांगितलं. "तू शत्रूला मारायला जातेस आणि गुदगुल्या करून परत येतेस," तो म्हणाला, पत्ते पेटीत टाकले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, आणि घरात चांगला धडधाकट माणूस पांघरूण ओढून पडलेला.

खेळाचं नाव वेढा. दोघांनी मिळून खेळायचा, एकमेकांविरुद्ध नाही. एक गाव असतं, गावाला वेस असते आणि वेशीबाहेरून शत्रू येतात. पेटीत दोनेकशे पत्ते. त्यातले तीस निवडून प्रत्येकाने आपला डेक आधीच जुळवून ठेवायचा. दर फेरीला शत्रूच्या गठ्ठ्यातून दोन शत्रू उघडतात आणि अंगावर येतात. दर फेरीला वेशीवर एक टोकन पडतं, आणि शत्रूचा वार अडवता आला नाही तर आणखी एक. बारा टोकनं पडली की गाव गेलं. खेळणाऱ्यालाही आठ प्राण असतात, वार थेट त्याच्यावर आले आणि ते संपले की तो बाद. त्याआधी गठ्ठ्याच्या तळाशी बसलेला सरदार मारायचा. दोघंही जिंकणार किंवा दोघंही हरणार, मधलं काही नाही.

आता पत्त्यांच्या खेळाचं एवढं काय, असं कुणीही विचारील. एका डावापायी तू रडकुंडीला येशील, असं सात महिन्यांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर धाकटीनेही त्याला वेड्यात काढलं असतं. पण सात महिन्यांपूर्वी दादा कामावर जात होता.

दादा लिफ्ट मेकॅनिक. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, आणि त्यातली बारा एकाच जोडीदाराबरोबर. जोडीदार म्हणजे निव्वळ काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. दोघं लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करायचे. काम सुरू करण्याआधी तिथलं बंदचं बटण दाबायचं, मग लिफ्ट जागची हलत नाही. त्या दिवशी ते दाबलंच गेलं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली, ती वीतभर वर सरकली, आणि तेवढ्या वीतभरात पैलवानाचा डावा पाय तुळईत सापडला. घोट्यापासून गेला. चौकशी झाली, कुणावर ठपका आला नाही. अहवालात लिहिलं, दोघांच्या मध्ये राहून गेलं. राहून गेलं! जणू येताना दूध आणायचं राहून गेलं.

बटण आपणच दाबायचं होतं, हे दादाने धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी उठला, दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि घामाने निथळत परत आला. तेव्हापासून सात महिने तो उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. आईवडील गेल्यापासून घरात ही दोघंच. धाकटीने समजावून झालं, रडून झालं, ओरडून झालं. डॉक्टरला घरी आणून झालं. डॉक्टर गोळ्या देऊन गेला, दादा त्या बिनतक्रार गिळायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. आणि आता कंपनीचं पत्र आलं होतं: एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा भरण्यात येईल. एक तारीख आठ दिवसांवर होती, सोमवारी.

चौथ्या महिन्यात एका दुपारी त्याने आपणहून वेढ्याची पेटी खाली काढली होती, तेवढीच काय ती आशा. खेळताना तो माणसात असायचा. नियमांवरून भांडायचा, तिची टर उडवायचा, एकदा तर हसलासुद्धा. दोन तास दादा परत यायचा, डाव मोडला की जायचा. धाकटीने शेवटी सगळा भार त्या पेटीवरच टाकला. दुसरं होतं काय तिच्या हातात?

"शनिवारी दहावा डाव," ती म्हणाली. "जिंकलो तर सोमवारी तू ऑफिसात जाऊन हजेरी लावायचीस."

"आणि हरलो तर?"

"तर हा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही."

दादा कुशीवर वळून तिच्याकडे बघायला लागला. "पत्र, नोकरी, डॉक्टर, जरा गच्चीवर तरी चल, यातलं काहीच नाही?"

"काही नाही. कधीच नाही."

"ठरलं," दादा म्हणाला. तेही अगदी झटकन. नऊ डाव हरलेला माणूस दहाव्याला का घाबरेल? त्याला कायमची सुट्टीच मिळणार होती. पण पत्त्यांवर दिलेला शब्द दादा पाळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी एकदा हरला म्हणून महिनाभर तिचा गृहपाठ लिहून दिला होता त्याने, स्वतःचा बुडवून. म्हणून जिंकायचं होतं. कसंही करून जिंकायचंच होतं.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. घाईचं काम नव्हे. दात केसभर वाकडा बसला तर म्हातारा माणूस महिनाभर शिव्या घालतो, आणि रास्तच घालतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने प्लास्टरचे जबडे बाजूला सारले आणि टेबलावर पत्ते मांडले. आधी तलवारी काढल्या. मग भाले, मग तोफ. वार करणारे एकूण अकरा पत्ते होते, अकराच्या अकरा काढून टाकले.

शेजारच्या टेबलावर दातांना रंग देणारी तिची मैत्रीण बसायची. ती डबा खाता खाता वाकून बघत होती. "अगं, मग शत्रूला मारणार कोण?"

"दादा मारेल. मी फक्त थोपवणार."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना दादापर्यंत येऊच द्यायचं नाही. हा दोरखंड बघ. हा शत्रूला दिला की तो जागीच खिळला. ना तो वार करणार, ना त्याच्यावर कुणाला वार करता येणार. हे धुकं, यात दोघं वाट चुकतात. ही जड झोप. दर फेरीला जो येईल त्याला मी खिळवून टाकणार. दादाचे चांगले पत्ते तसेच हातात राहतील, आणि शेवटी सरदार एकटा आला की तो एका दमात त्याला पाडेल."

"आणि दादा आधीच पडला तर? तुझ्याकडे तर भाजी चिरायचीही सुरी नाही."

"दादा कसा पडेल? मी आहे ना," धाकटी म्हणाली.

हे ती सात महिने म्हणत होती.

थोपवणारा डेक जुळवणं हे मारणाऱ्या डेकपेक्षा कितीतरी किचकट, हे तिला मंगळवारी कळलं. तलवार हातात आज नाही आली तर उद्या येईल. दोरखंडाचं तसं नाही. एका फेरीला जरी हात रिकामा राहिला, तरी आधीच्या पाच फेऱ्यांची मेहनत पाण्यात. म्हणून तिने 'आठवण' नावाचे चार पत्ते घातले, त्यांनी वापरलेला पत्ता परत उचलता येतो. 'चिखल' घातला, म्हणजे सुटलेला शत्रू एक फेरी उशिरा पोचेल. बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून एकटीच दोघांच्या वाटचं खेळली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरली, भात करपवला, पुन्हा खेळली. गुरुवारच्या तिन्ही डावांत सहा फेऱ्या झाल्या तरी वेशीवर एकही जादा टोकन पडलं नाही. तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

राहता राहिला सरदार. तो कसा आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आजवरचे नऊही डाव चौथ्या-पाचव्या फेरीतच आटोपले होते, तळाचा पत्ता उघडायची वेळच आली नव्हती. आणि न उघडलेला पत्ता आधी बघायचा नाही, हा दादाचा नियम, म्हणून एकटीने खेळतानाही ती सहाव्या फेरीपाशीच थांबली होती. पेटीतून सरदार काढताना तो डोळे मिटून उलटा काढायचा आणि तळाशी ठेवायचा. शुक्रवारी धाकटीचा हात त्या पत्त्यापर्यंत जाऊन आला. पण दादाला तिच्या तोंडावरून सगळं कळायचं. त्याला कळलं असतं तर डाव रद्द, शब्द रद्द. तिने पेटी मिटली.

शनिवारी चारला दोघं बसली. दादाने तोंड धुतलं होतं, दाढीसुद्धा केली होती. ते बघून धाकटीला बरं वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात आलं, याने हरायची तयारी केलीय.

पहिल्या फेरीला शिडीवाला आणि मशालवाला आले. धाकटीने एकाला दोरखंड दिला, दुसऱ्याला झोप. दादा वार करायला सरसावला होता, तो तसाच थांबला. "अरे वा," तो म्हणाला. दुसऱ्या फेरीला तिने धुकं सोडलं आणि दोन भालेवाले वाट चुकून कोपऱ्यात उभे राहिले. तिसऱ्या फेरीला दादाला एक लांडगा मारायला मिळाला, चौथ्या फेरीला आणखी एक, तेही तिने मुद्दाम सोडले म्हणून. वेशीवर चार फेऱ्यांची चारच टोकनं. नऊ डावांत असं कधी झालं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस तू?" दादाने विचारलं. त्याचे डोळे चमकत होते.

"कवळ्या बसवून बसवून," धाकटी म्हणाली. जिंकतोय, देवा, जिंकतोय आपण! सोमवारी याचा डबा भरायचाय. डब्याचं झाकण कुठे ठेवलंय कोण जाणे.

पाचव्या फेरीत, सुरुंगवाला समोर असताना, फोन वाजला. दादाचाच फोन. पहिल्याच आठवड्यात त्याने तो तिच्याकडे टाकला होता, मला नको म्हणून. तेव्हापासून तीच उचलायची. एका हातात पत्ते, दुसऱ्या हाताने फोन कानाला, नजर सुरुंगवाल्यावर. पलीकडून ओळखीचा आवाज आला, "ताई, आहे का तो? देता का?"

"झोपलाय तो," धाकटी म्हणाली. "उठला की सांगते." आणि फोन ठेवून तिने सुरुंगवाल्याला दोरखंडात बांधलं.

तिने वर बघितलं. दादा समोर बसला होता. दाढी केलेला, हातात सात पत्ते, टक्क जागा.

"कोण झोपलाय?" दादाने विचारलं.

धाकटी हातातल्या पत्त्यांत बघत राहिली.

"कोणाचा फोन होता?"

"पैलवानाचा."

दादाने पत्ते पालथे ठेवले. "पहिल्यांदाच आला?"

आता खोटं बोलून काय उपयोग होता? दर शनिवारी यायचा. कधी अधेमधेही. पहिल्या आठवड्यात पैलवान इस्पितळातून बोलला होता, तेव्हा दादा खरंच गोळीने झोपला होता, म्हणून ती म्हणाली झोपलाय. पुढच्या वेळी दादा जागा होता, पण त्या दिवशी तो पुन्हा दारापासून परत आला होता आणि त्याचा शर्ट अजून ओला होता. म्हणून ती म्हणाली झोपलाय. त्यापुढे तिला म्हणावंही लागलं नाही, तोंडून आपोआप निघायचं. तिला एकच भीती होती. पैलवान काहीतरी बोलेल, तुझ्यामुळे माझा पाय गेला म्हणेल, आणि हा उरलासुरलाही खचेल. ते शब्द याच्या कानावर पडता कामा नयेत, एवढंच तिला कळत होतं. हे सगळं तिने खाली मान घालून, अडखळत सांगितलं.

"काय म्हणायचा तो?" दादाने विचारलं.

"मी बोलूच दिलं नाही रे त्याला कधी."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. तीस असतील."

दादाने वेशीवरची पाच टोकनं सरळ रेषेत लावली. मग त्याने पत्ते उचलले. "तुझी पाळी," तो म्हणाला.

त्यापेक्षा त्याने एक मुस्काटात दिली असती तर परवडलं असतं. धाकटी खेळली. सहाव्या फेरीला दोन शत्रू आले, एक तिने बांधला, एक दादाने एका घावात मारला. आता गठ्ठ्यात शेवटचा पत्ता उरला. बारांपैकी तीन मेले होते, नऊ मेजावर खिळून होते. कुणी दोरखंडात, कुणी धुक्यात, कुणी घोरत पडलेला. धाकटीला त्या नऊ जणांकडे बघून तशातही थोडा धीर आला. एवढं तरी तिने नीट केलं होतं. सातव्या फेरीला दादाने सरदार उघडला आणि पत्त्याच्या तळाची बारीक ओळ डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचली.

"सरदाराचं बळ बारा. मेजावर त्याचा जितका माणूस उभा, तितकं आणखी. खिळलेला माणूसही मोजावा."

"परत वाच," धाकटी म्हणाली.

दादाने परत वाचलं. अक्षर तेच होतं.

बारा आणि नऊ एकवीस. दादाच्या हातातलं सगळं मिळून एका फेरीत चौदा वार. ती हवेत बोटांनी बेरीज करत राहिली, जणू दुसरं काही उत्तर येणार होतं. आठवडाभर रक्त आटवून तिने एकेक शत्रू जपून ठेवला होता, आणि तो सगळा जपलेला ऐवज सरदाराच्या पदरात पडला होता. मारले असते तर मेले असते. थोपवले म्हणून उभे होते. आपल्याइतकी मूर्ख बाई जगात दुसरी नसेल, असं तिला वाटलं, आणि ते तिला पत्त्यांपुरतं वाटलं नाही.

"थांब," ती घाईघाईने म्हणाली. "अजून पाच फेऱ्या आहेत. मी सरदारालाही खिळवते. मग एकेकाला सोडू, तू एकेकाला मार. वेळ आहे."

"एका फेरीला एक सोडलास तरी पाच. उरतात चार. बारा आणि चार सोळा. माझे चौदा."

"मग दोन दोन सोडू."

"छोटे," दादा म्हणाला. लहानपणीच्या या हाकेने तो सात महिन्यांत पहिल्यांदा तिला बोलावत होता. "सोड सगळे."

"सगळे? नऊ जण? दादा, सरदार धरून दहा होतील. तुझे प्राण आठ आहेत!"

"तू सोडू नकोस तर. मीच बोलावतो." त्याने हातातला एक पत्ता मेजावर टाकला. 'ललकारी'. मेजावरचे सगळे, बांधलेले, झोपलेले, वाट चुकलेले, वेस सोडून एकदम ललकारणाऱ्याच्या अंगावर येणार, आणि त्या फेरीपुरते सरदार सोडून बाकी सगळ्यांवर आपले वार दुप्पट. असला आत्मघातकी पत्ता कुणी डेकमध्ये ठेवत नाही.

"नको," धाकटी म्हणाली. तिने खरोखरच हात पुढे करून तो पत्ता झाकला. "नको ना दादा. मी धरते त्यांना. मला दोन फेऱ्या दे, मी काहीतरी करते."

दादाने तिचा हात हळूच बाजूला केला. रागाने नाही. मग तो उभा राहूनच खेळला. काय खेळला! दोन्ही भालेवाले, शिडीवाला, मशालवाला, सुरुंगवाला. एकेक पत्ता तो असा आपटत होता, की चहाचे कप नाचत होते. आठ जण त्याने आडवे केले. नववा राहिला आणि सरदार राहिला, आणि त्या दोघांच्या वारांत दादाचे आठही प्राण संपले. त्याने हातातले पत्ते खाली ठेवले आणि खुर्चीवर बसला. त्याला धाप लागली होती.

आता मेजावर एक सरदार, एक त्याचा माणूस आणि धाकटी. तिच्या हातात दोन दोरखंड, एक धुकं, दोन आठवणी. सरदाराचं बळ तेरावर आलं होतं. तेरा वार! तिच्या तीस पत्त्यांत एक वार नव्हता.

कुणी शहाणं असतं तर त्याने तिथेच पत्ते टाकले असते. धाकटीने टाकले नाहीत. आठव्या फेरीला तिने सरदाराला दोरखंड दिला, त्याच्या माणसाला धुक्यात सोडलं. टोकन. सरदाराला दोर एकाच फेरीपुरता पुरायचा, म्हणून नवव्या फेरीला आठवण, पुन्हा दोरखंड. टोकन. एक चूक केली नाही तिने. दादा समोर हाताची घडी घालून बघत होता. दहा. अकरा. कुणी तिला हात लावू शकत नव्हतं आणि तिला कुणाचं काही करता येत नव्हतं. बाराव्या टोकनाच्या वेळी डोळ्यांतल्या पाण्याने तिला वेस दिसेना, म्हणून ते दादाने उचलून ठेवलं.

"हरलो," तो म्हणाला.

"आणखी एक," धाकटी म्हणाली. "आणखी एकच डाव. आता सरदार काय आहे ते कळलंय. मी आत्ता डेक बदलते, पाच तलवारी घालते, दहा मिनिटं दे मला."

"शब्द काय होता?"

"दादा, सोमवार आहे रे परवा!"

"शब्द काय होता?"

"पुन्हा विषय काढणार नाही," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. लहान मुलीसारखी नाक ओढत, मेजावर डोकं टेकून ती रडली. आता सांगायचं तरी काय, आणि कुठल्या तोंडाने? एकच दार होतं बोलायचं, ते तिने स्वतःच पैजेवर लावून घालवलं होतं. दादा त्या भिंतीकडे तोंड करून म्हातारा होणार आणि आपण शेजारी बसून कवळ्या बनवणार, त्यालाही एक दिवस आपणच बनवून देणार, हे तिला लख्ख दिसलं.

"फोन दे," दादा म्हणाला.

तिने डोकं वर केलं.

"माझा फोन. दे इकडे."

तिने दिला. दादाने नंबर लावला. त्याचा अंगठा दोनदा चुकला. धाकटी खुर्चीच्या कडेला येऊन बसली, वेळ पडली तर हिसकावून घेता यावा इतकी जवळ. पलीकडे फोन उचलला गेला आणि पैलवानाचा आवाज थेट तिच्यापर्यंत आला. त्या काडीच्या अंगात एवढा आवाज कुठून यायचा, कोण जाणे.

"ताई, उठला का तो?"

"मी बोलतोय," दादा म्हणाला.

मग एकदम धरण फुटावं तसा पैलवान सुटला. "सात महिने! अरे सात महिने झोपतो का माणूस? मी काय लहान मूल आहे का, मला कळत नाही? इस्पितळात डोळे लावून बसायचो दाराकडे. एकदा नाही आलास. एकदा! बारा वर्षं एका डब्यात जेवलो आपण!"

धाकटीने हात पुढे केला. हेच. हेच तिने सात महिने अडवलं होतं. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम आला होता. आता त्याने एवढंच म्हणायचं होतं, की बहिणीने मला सांगितलंच नाही. खरंच होतं ते. तिने मान हलवून त्याला खुणावलं, सांग, सांग माझं नाव.

दादाने खुर्चीतच पाठ फिरवली, फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि म्हणाला, "हो रे. झोपलोच होतो."

पैलवान पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली आला होता, की धाकटीला श्वास रोखून ऐकावं लागलं.

"तू रागावलायस माझ्यावर, म्हणून फोनवर येत नाहीस, हे मला कळत होतं," पैलवान म्हणाला. "'बटण दाबलं' असं मी ओरडलो का रे तेव्हा? मला आठवतच नाही. मीच ओरडलो असेन. न दाबताच ओरडलो असेन मी. तुझी नोकरी माझ्यापायी जातेय, हे मला रोज ऐकावं लागतं, कंपनीने मला आता तक्रारींच्या टेबलावर बसवलंय ना. एवढंच सांगायचं होतं तुला. ताई सांगू देईनात."

धाकटीने तोंडावर हात दाबून धरला.

दादाने डोळे मिटले. त्याचे खांदे हलत होते. "मलाही आठवत नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "घरी आहेस?"

"शनिवारी जातो कुठे मी, एका पायावर?"

"येतो."

"आत्ता?"

"आत्ता. सोमवारचं सोमवारी बघू."

फोन ठेवून तो उठला. पलंगाखालून बूट ओढून काढले, त्यातली धूळ झटकली, नाड्या बांधायला फार वेळ घेतला. धाकटीने नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, ओढणीने पुसलं आणि सवयीने चप्पल पायात सरकवली.

"तू बस," दादा म्हणाला.

ती बसली. मेजावर गेलेलं गाव पसरलेलं होतं, ते आवरावं असंही तिला सुचलं नाही. दादा दारापाशी गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटलेला तिला इथून दिसत होता, आणि मानेवरून खाली वाहणारा घामही. एक मिनिट गेलं, दोन गेली. उठावं, कडी आपण काढावी, निदान दंडाला धरावं, असं तिच्या हाडाहाडाला वाटत होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

कडी निघाली. दादा बाहेर गेला, आणि जिन्यावर त्याची पावलं दर पायरीला थांबत थांबत खाली उतरत असताना ती मोजत राहिली.